ऑईल वरून निघतं

तुम्ही खोटं लिहून आणलंत, साहेब. टाईप करून, तीन प्रती काढून, टाचणी लावून खोटं लिहून आणलंत. ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आणि मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर कागद स्वतः दिला नाहीत, हेडक्लार्कच्या हातून दिलात.

हे सगळं मच्छिंद्र ड्रायव्हर सकाळी अकरापासून बोलत होता, पण आतल्या आत. चेहरा एवढा थंड की तोंडावर माशी बसली तरी त्यानं उडवली नसती. कचेरीच्या व्हरांड्यात ड्रायव्हर लोकांसाठी एक बाकडं होतं, त्यावर तो बसला होता. हातात कागद. कागदाला कार्बनचा वास. सर्जेराव हेडक्लार्क एवढंच म्हणाला होता, "मच्छिंदर, हे वाच. न्हाई वाचलं तरी चालतंय. खाली सही कर अन् पाचच्या आत माझ्या टेबलावर ठेव." मग चष्म्यावरून बघत, आवाज उतरवून, "जास्ती डोकं लावू नको. तुझं काहीच जात न्हाई याच्यात. ज्याचं जायचं त्याचं जातंय." ज्याचं जायचं त्याचं. नाव घ्यायलाही सर्जेरावची जीभ उचलली नाही. कागदात मात्र नाव होतं, पूर्ण, बापाच्या नावासकट. मजकूर असा : या कचेरीची अॅम्बॅसॅडर गाडी मंठ्याहून जालन्याला येत असताना इंजिन जाम होऊन बंद पडली. त्यास कारण कचरू या इसमाचे गॅरेज. सदर इसम इंजिनातील जुने ऑईल रीतीप्रमाणे गाडीखालचा बोल्ट उघडून सोडत नाही, तर वरून नळी घालून पंपाने ओढून काढतो. ही पद्धत अशास्त्रीय असून त्यामुळे जुने ऑईल तळाशी राहते व गाळ होऊन इंजिन निकामी होते. सदर बाब मी, वाहनचालक, समक्ष पाहिली आहे. सबब सदर गॅरेज यादीतून कमी करावे व जिल्ह्यातील सर्व कचेऱ्यांना तसे कळवावे.

समक्ष पाहिली आहे. मच्छिंद्र फिरून फिरून त्या तीन शब्दांवर येऊन अडकत होता. पाहिली तर होतीच. तीच तर पंचाईत होती. त्यानं समक्ष पाहिलं होतं ते असं : तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी, वाटूर फाटा मागं टाकला आणि समोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. गाडीच्या आवाजातला एक धागा तुटल्यासारखं झालं. सोळा वर्षं गाडी चालवणाऱ्याला दिवा बघावा लागत नाही. फॅनबेल्ट तुटला होता. म्हणजे पंखा फिरत नव्हता, पाणी फिरत नव्हतं, इंजिन आपल्याच आगीत शिजत होतं. "साहेब, बेल्ट गेला. डिक्कीत दुसरा हाये. पंधरा मिन्टात बसवतो." मागं साहेब फायलीत मान घालून. "दिवाच लागलाय ना? गाडी चालतेय ना?" "चालून राह्यली, पण..." "मग चल. मला चारला मीटिंगमध्ये बसायचंय." आणि तो चालला. उष्णतेचा काटा वर चढत गेला, शेवटच्या खुणेला टेकला, आणि तिथं थरथरत उभा राहिला. बोनेटच्या फटीतून वाफ. मग जळक्या रबराचा वास, मग लोखंडाचा. लोखंडाला वास असतो. तो तोंडात येतो, जीभ चावून रक्त आल्यावर येतो तसा. मच्छिंद्रचा पाय अॅक्सिलरेटरवरून उठला नाही. का उठला नाही? पाय त्याचा होता, साहेबांचा नव्हता. वीस किलोमीटर तो तसाच दाबून धरला होता, आणि मग आतून कोणी हातोडा घालावा तसा आवाज झाला आणि गाडी रस्त्यात मेली. साहेब एका ट्रकला हात करून मीटिंगला गेले. वेळेवर पोचले म्हणे.

आणि याचं कारण कचरूभाऊ! मच्छिंद्रला हसू आलं, ते घशात आलं आणि तिथंच आंबट झालं. कचरूभाऊनं त्या घटनेच्या आठ दिवस आधी त्या गाडीचं ऑईल बदललं होतं, लॉगबुकात तशी नोंद होती, आणि बुडत्याला एवढी काडी पुरली.

गाडीखाली कोण जाणार, हे या मुलखात कधी विचारावं लागत नाही. गॅरेजात चार माणसं असली की त्यातलं एक आपोआप आडवं होतं, आणि ते कोणत्या वस्तीतून आलंय हे आडनाव न विचारता सांगता येतं. कचरू अंबडकडच्या एका खेड्यातल्या बौद्धवस्तीतला. विशीत जालन्याला आला, जुन्या जालन्यातल्या एका मोठ्या गॅरेजात लागला, आणि लागल्या दिवशी आडवा झाला तो अकरा वर्षं आडवाच होता. वर उभे राहून मालक सांगणार, खाली पाठीवर पडून कचरू करणार. चेंबरचा बोल्ट उघडायचा, गरम काळं ऑईल हातावरून कोपरापर्यंत, कोपरावरून काखेत. कानात जायचं. डोळ्यांत जायचं. नाव काय सांगायचं, तर म्हणे अनुभवी मिस्तरी. आणि पंच्याऐंशी साली एका मॅटॅडोरखालचा जॅक सरकला. कचरूचं कमरेचं हाड तिथंच पिचलं. त्याला बाहेर ओढला तेव्हा मालक पहिलं वाक्य काय बोलला? "जॅक तूच लावला व्हता ना?" मच्छिंद्रला हे कचरूभाऊनंच सांगितलं होतं, आणि सांगताना हसला होता. हसायचं कसं जमतं या माणसाला, हे मच्छिंद्रला आजपर्यंत कळलं नव्हतं. त्याची स्वतःची कंबर धडधाकट होती आणि त्याला आठवड्यातून एकदासुद्धा असं हसू येत नव्हतं.

मग सरकारी दवाखान्यात पायाला विटा लटकवून दोन महिने. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, त्याच्या छातीत कफ दाटलेला, श्वास घेताना विहिरीत घागर बुडल्यासारखा आवाज. नर्सबाई एक यंत्र ढकलत आणायची. दोन काचेच्या बाटल्या, एक नळी. नळी म्हाताऱ्याच्या घशात खाली खाली जायची, यंत्र घरघरायचं, आणि आतलं सगळं बाटलीत यायचं. "बायामाणसं तोंड फिरवायचे," कचरूभाऊ सांगायचा. "मी एकटा टक लावून बघायचो. म्हातारा मोकळा श्वास घ्यायचा. मी म्हणलं, च्यामायला, याला उलटं टांगावं लागलं न्हाई, का खालून भोक पाडावं लागलं न्हाई. माणसाचं वरून निघतंय, मंग इंजनाचं का न्हाई?" इंजिनात वरून खाली जाणारा एक रस्ता आधीच असतो : ऑईल किती आहे ते बघायची पट्टी जिथं खुपसतात ते भोक. हजार ड्रायव्हरांनी रोज सकाळी ती पट्टी ओढली, पुसली, बघितली, परत खुपसली. मच्छिंद्रनं तर सोळा वर्षं. त्या भोकातून काही बाहेरसुद्धा येऊ शकतं, हे कोणाच्या बापाला सुचलं नव्हतं. खाटेला खिळलेल्या एका माणसाला सुचलं, कारण त्याला आता पुन्हा गाडीखाली जाता येणार नव्हतं. "जाता येणार न्हाई आसं न्हाई," कचरूभाऊ दुरुस्त करायचा. "जाणार न्हाई."

त्याची बायको गोजरबाई या गोष्टीत हमखास तोंड घालायची. "नवरा मरता मरता वाचला. शुद्धीवर आला. म्हणलं आता लेकरांचं नाव घेईल, न्हाई तर माझं तरी. काय म्हणला? सायकलीचा पंप आण." आणि तिनं आणला होता. कुबडी घेऊन घरी आल्यावर कचरूनं तो पंप उघडला. आत चामड्याचा वायसर असतो, वाटीसारखा. वाटीचं तोंड एकीकडं असलं की पंप हवा ढकलतो. कचरूनं वाटी उलटी बसवली. पंप हवा ओढायला लागला. बस. एवढंच. मच्छिंद्रनं जेव्हा हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला मुस्काटात बसल्यासारखं झालं होतं. लहानपणी हसनाबादला त्यानं किती वायसर बदलले असतील, एकदासुद्धा एखादा उलटा का नाही बसला? चुकून का नाही? मग कचरूनं गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेतला, झाकण डाग देऊन बंद केलं, एका भोकाला पंप, एका भोकाला नळी. दांडा ओढायला लागला तर डबा कडाड करून आत चेपला. शेजारपाजारचे धावत आले. बाहेरून कोणी मारलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता, नुसती आतली हवा काढून घेतली होती, आणि डब्याचं चिपाड झालं होतं. मग त्यानं घरातला कुकर मागितला. गोजरबाई म्हणाली, "आधी मला बसवा त्याच्यात, मंग न्या." शेवटी भंगारातून कपाशीवर फवारायचा पाठीवरचा जुना पितळी पंप सापडला, त्याची टाकी जाड, पोटानं गोल, ती चेपली नाही. नळी म्हणून सलाईनची नळी लावली, ती गरम ऑईलनं मऊ होऊन आतल्या आत चिकटली. तांब्याची लावली, ती वळेना. ट्रकच्या हवेच्या ब्रेकची कडक नळी लावली आणि ती बसली. टाकीला कान लावून कचरू तासन् तास बसायचा. कुठून हवा आत शिरत असली की बारीक शीळ यायची. ती शीळ बंद होईपर्यंत डाग देत राहिला. सहा महिने. या सहा महिन्यांचं प्रमाणपत्र त्याला कोणी दिलं नाही, आणि आता अशास्त्रीय हा शब्द मात्र तीन प्रतींत टाईप करून आला होता. सहा महिने एकेक चूक शोधून काढणं अशास्त्रीय, आणि लाल दिवा दिसत असताना चल म्हणणं शास्त्रीय?

बाकड्यावर ऊन आलं तसा मच्छिंद्र सरकला. पहिल्यांदा तो कचरूभाऊच्या गॅरेजवर गेला होता तेव्हाही असंच ऊन होतं, एक्क्याण्णव साल. गॅरेज म्हणजे काय, अंबड रस्त्याला एक पत्र्याचं शेड, आणि जमीन मात्र कोब्याची, अशी सपाट की वर गोटी ठेवली तर जागची हलू नये. मच्छिंद्रला ते सपाटपण दिसलंच नव्हतं. त्यानं जीप आणली आणि सवयीनं दारातल्या दोन मोठ्या दगडांवर पुढची चाकं चढवली. ऑईल बदलायचं म्हणजे खाली माणूस शिरायला जागा पाहिजे, नाक वर पाहिजे. हे ड्रायव्हरच्या हातापायांना पाठ असतं. स्टुलावर बसलेला कचरूभाऊ, मांडीवर काठी, म्हणाला, "उतरवा खाली, डायवरसाहेब. आमच्याकडं कोणी झोपत न्हाई." मच्छिंद्रला उतरवायचा कंटाळा आला. "राहू द्या ना भाऊ. चढवली तर चढवली. काय फरक पडतो?" कचरूभाऊनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं मास्तर फळ्यावर चुकीचं लिहू देतो आणि खडू हातात देऊन गंमत बघतो. "बरं. राहू द्या." पाच मिनिटं इंजिन चालवलं, ऑईल कोमट केलं. पट्टी काढली, नळी घातली, नळी टेकल्याचं बोटाला कळलं तशी अर्धा इंच वर घेतली. वीस-पंचवीस वेळा दांडा ओढला आणि हात काढून घेतला. नळीतून काळी रेघ आपली आपण चढत आली. कोणी ढकलत नव्हतं. टाकीत बारीक धार पडल्याचा आवाज. मग शेवटी लेकरू ताकाचा पेला संपवताना करतं तसा सुरर्र. कचरूभाऊनं टाकी लिटरच्या मापात ओतली, एकेक माप मोजून. "किती टाकलं व्हतं मागच्या बारीला?" "सहा." "सव्वाचार निघालं. बाकीचं कुठं गेलं? तुम्ही प्यालात?" मच्छिंद्र खजील. "नाक वर केलं की ऑईल मागं पळतंय. नळी पुढं. मागलं कोण आणंल?" जीप कोब्यावर उतरवली, परत नळी घातली, आणि राहिलेलं पावणेदोन निघालं. निघालेलं मोजल्याशिवाय नवं ओतायचं नाही, हा त्याचा नेम. घाई करणाऱ्याला तो सरळ चावी परत द्यायचा.

आणि हातसुद्धा काळे नाहीत! मच्छिंद्रला सगळ्यात नवल त्याचं वाटलं होतं. मिस्तरीचे हात असे असतात हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. नखं कापलेली. अंगात पांढरा सदरा. गुडघ्यावर एक फडकं. पांढरा सदरा घालून तो मुद्दाम बसायचा, आणि मोठ्या गॅरेजचा तो जुना मालक रस्त्यानं गेला की उठून उभा राहायचा. काठी घेऊन. नमस्कार करायला नव्हे. नुसता उभा राहायचा, बघ म्हणून. पाच वर्षांत मच्छिंद्र त्या शेडमध्ये गाडीचं काम नसतानाही जाऊन बसायला लागला. हसनाबादच्या त्याच्या भावकीला कळलं तेव्हा कोणीतरी बोललंच, तिथलं पाणी पितोस का म्हणून. पितो, म्हणाला. चहा पण पितो. आणि माणूस कसा असावा ते बघतो.

मग आठ दिवसांपूर्वी कचेरीत त्या पंपाची परीक्षा झाली. इथं आलं की मच्छिंद्रच्या मनाला पुढं जाववेना. तो उठला, नळावर जाऊन तोंड धुतलं, परत बसला. पण परीक्षा झालीच होती. औरंगाबादहून कोणी जाणकार आणले होते, बुटाला पॉलिश असलेले. कचरूभाऊचा पंप पावती देऊन उचलून आणला, त्याला स्वतःला मात्र बोलावलं नाही. कचेरीच्या अंगणात गाड्या धुवायला सिमेंटचे दोन उंचवटे केलेले आहेत, पुढची चाकं चढवायला. जाणकार म्हणाले, नंतर खालचा बोल्ट उघडून बघायचंय, गाडी ओट्यावर घ्या. कोण घेणार? मच्छिंद्र. त्यानं जीप चालू केली आणि पुढची चाकं ओट्यावर चढली, आणि त्याची पाठ सीटला टेकली. दाबून टेकली. त्या क्षणी त्याला कळलं. डोक्याला कळायच्या आधी पाठीला कळलं : नाक वर, ऑईल मागं, नळी पुढं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? साहेब, गाडी सपाटीला पाहिजे. पाच शब्दसुद्धा नाहीत. त्यानं हँडब्रेक ओढला, खाली उतरला आणि बाजूला हात बांधून उभा राहिला. शिपायानं दांडा ओढला. सव्वाचार लिटर निघालं. मग बोल्ट उघडला आणि परातीत पावणेदोन लिटर पडलं. तेच आकडे, पाच वर्षांपूर्वीचे. त्यात टिपूस फरक नाही. वरच्या खिडकीतून साहेबांनी मान हलवली. जाणकारांनी लिहून घेतलं. आणि कचरूभाऊच्या गोष्टीतली, मॅटॅडोरभोवती उभी असलेली माणसं आठवून मच्छिंद्रला वाटलं, आपण तर कुठं काय केलं? आपण नुसता जॅक सरकताना बघितला.

दुपारी तो सायकल काढून अंबड रस्त्याला गेला. कागद घडी करून खिशात. दारातच गोजरबाई शेंगा निवडत होती. "या डायवरसाहेब. सही करून आलात का करायला चाललात?"

"तुमाला कसं कळलं, वहिनी?"

"सर्जेराव हेडक्लार्कची बायको अन् मी एकाच गिरणीत दळण आणतो. तुमच्या कचेरीत टायपायच्या आधी हिकडं कळतंय."

कचरूभाऊ स्टुलावर होता. पंप नव्हता म्हणून समोर कामही नव्हतं. एक मॅटॅडोर तशीच उभी होती. मच्छिंद्रला वाटलं होतं भाऊ चिडेल, नाहीतर म्हणेल, कर सही, तुला नोकरी आहे. दोन्हींतलं काहीही झालं असतं तरी सोपं गेलं असतं. कचरूभाऊनं विचारलं, "परीक्षेला गाडी कुठं उभी व्हती?"

"ओट्यावर."

"कोणी चढवली?"

मच्छिंद्रनं खिशातली घडी चाचपली. कचरूभाऊनं काठी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. कंटाळा होता. हा माणूस अकरा वर्षं खाली पडून वरच्यांचे चेहरे बघत होता. त्याला असल्या चेहऱ्याची सवय होती, आणि आपला चेहरा त्या चेहऱ्यांत जाऊन बसला, हे मच्छिंद्रला लख्ख दिसलं.

"माझा पंप कुठंय?" कचरूभाऊ म्हणाला.

"स्टोअरात. कपाटात."

"वायसरला कोणी ऑईल लावलं का न्हाई? आठ दिवस झाले. चामडं हाये ते. सुकून कडक झालं आसंल." मग तो खरोखर अस्वस्थ झाला. "मच्छिंदर, तुमच्या त्या कागदाचं तुमी काय करायचं ते करा. मला यादीत ठेवा न्हाई तर ठेवू नका. एकदा मोडलेलं माणूस दुसऱ्यांदा घाबरत न्हाई. पण त्या वायसरला दोन थेंब टाका. अन् हे कळवून राह्यले सगळ्या कचेऱ्यांना... मंग उद्या जे कोणी ऑईल बदलंल ते खाली जाऊनच बदलंल. मी न्हाई जाणार. दुसरं कोणी जाईल. त्याचं काय?"

परत येताना मच्छिंद्रला रस्ता दिसला नाही. सायकल आपली आपण येत होती. त्याला वाटत होतं कोणीतरी आपल्याही घशातून एक कडक नळी खाली सोडावी, तळाला टेकवावी, अर्धा इंच वर घ्यावी, आणि सोळा वर्षांत जे जी साहेब, हो साहेब, चालतंय साहेब साचलंय ते सगळं ओढून काढावं. मोजावं. किती निघतं बघावं. दुसरं कोणी. त्याचं काय? कोणा अनोळखी माणसाचं कमरेचं हाड या कागदाच्या खाली होतं, अजून न मोडलेलं.

साडेतीनला त्यानं स्टोअरच्या रामकिसन शिपायाकडून कपाटाची किल्ली घेतली. "कोणी सांगितलं?" रामकिसन म्हणाला. "परीक्षा राह्यली अर्धी," मच्छिंद्र म्हणाला, आणि रामकिसननं परीक्षेचा दांडा स्वतः ओढलेला असल्यानं त्याला ते पटलं. पंप उघडला. वायसर खरंच वाळून चिंचोक्यासारखा झाला होता. दोन थेंब ऑईल, आणि मग अंगठ्यानं चोळत राहिला, चामडं हळूहळू ऐकायला लागेपर्यंत. पोर्चसमोर फरशीचा एक तुकडा होता, जिथं पावसाचं पाणी वाहून जात नाही, सगळीकडून सारखं साचतं. तिथं त्यानं जीप आणली. पाठ सीटला टेकते का बघितलं. नाही. इंजिन पाच मिनिटं चालवलं. परीक्षेनंतर त्यानंच मोजून भरलेलं सहा लिटर ऑईल आत होतं. पट्टी काढली, नळी सोडली. तळ लागल्याचं बोटाला कळलं. केवढी बारीक गोष्ट होती ती! एवढ्या अवघड अंधारातला तळ बोटाच्या पेराला कळत होता. अर्धा इंच वर. दांडा ओढायला सुरुवात केली तसे एकेक करून लोक जमले. आवक-जावकाच्या बारनिशीतले, लेखा शाखेतले, खिडकीतून दोन बाया. काळी रेघ नळीतून चढली. "सापावानी येतंय," कोणीतरी म्हणालं. आणि शेवटी तो सुरर्र. एवढ्या लोकांत मच्छिंद्रला एकट्यालाच तो आवाज सुंदर वाटला असेल. त्यानं मापानं मोजलं. पाच मापं भरून, सहावं काठाला जरा कमी.

"मच्छिंदर, काय तमाशा लावलाय?" सर्जेराव धावत आला.

"समक्ष बघा ना, सर्जेराव. तुमचीबी सही लागंल."

लोक हसले. मग मच्छिंद्रनं शर्ट काढून बोनेटवर ठेवला, पाना घेतला, आणि पाठीवर पडून जीपखाली शिरला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. वरून लोखंड, छातीपासून वीतभर. नुसते बूट दिसत होते, सगळ्यांचे. माणसं दिसत नव्हती. अकरा वर्षं एका माणसानं एवढंच बघितलं होतं. त्यानं बोल्ट सैल केला. आणि त्याला कळलं की आपण कचरूभाऊचं आजवर जे नवल वाटून घेत होतो ते फार स्वस्तातलं होतं. बशी खाली धरली. बोल्ट निघाला. टप. टप. मग बारीक धार, करंगळीएवढीसुद्धा नाही, मनगटावरून कोपराकडं ओघळली, आणि तुटली. तो थांबला. आणखी थांबला. काही आलं नाही. तो बाहेर आला तेव्हा बशी अर्धीसुद्धा भरली नव्हती, आणि ती बघून अंगणात कोणी हसलं नाही.

कागदाच्या पाठीमागं त्यानं उभ्या उभ्या बोनेटवरच लिहिलं. अक्षर वाकडं, पण वाचता येत होतं. परीक्षेच्या दिवशी गाडी मी ओट्यावर चढवली, म्हणून ऑईल मागं राहिलं. मला ठाऊक असून मी बोललो नाही. आज सपाटीला सगळं निघालं. इंजिन ऑईलनं बसलं नाही. बेल्ट तुटल्यावर वीस किलोमीटर गाडी चालवल्यानं बसलं. चालवली मी. खाली सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

वर साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता. मच्छिंद्रनं बशी टेबलाच्या काचेवर ठेवली, बाजूला कागद, पाठीमागची बाजू वर.

"हे काय आहे?"

"शिल्लक. तळाशी राह्यलेली. सहा लिटरांतली."

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. दारात सर्जेराव, त्याच्या मागं रामकिसन, त्याच्या मागं निम्मी कचेरी. "तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? उद्याच्या उद्या भोकरदनला जाशील."

"धाडा की. हसनाबाद माझं गाव, तिकडंच हाये. घरचं जेवण भेटंल." दारात कोणीतरी खोकल्यासारखं करून हसू गिळलं.

"ती बशी उचल आधी टेबलावरून."

"उचलतो." पण त्याचे हात उचलले नाहीत, बाजूला लटकत राहिले, कोपरापर्यंत काळे. त्याला भीती वाटत होती. तरी आवाज आला, आणि तो त्याचाच होता. "गाडी मी चालवली, ते मी लिहिलं. ओट्यावर चढवली, ते लिहिलं. माझं निघालं ते सगळं हिथं मोजून ठेवलं. आता तुमचं सांगा. पंधरा मिन्टात दुसरा बेल्ट बसवतो म्हणलो तवा, मागच्या सीटवरून 'चल' कोण म्हणलं? तोंडी नको, साहेब. लिहून द्या. मी हिथं उभा हाये. कोण म्हणलं?"